उद्वाहन बंद आहे

लिफ्ट बंद करायची कल्पना माझी नव्हती, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. कारण आमच्या इमारतीत या बाबतीत अजून दोन तट आहेत. एका तटाचं म्हणणं, जे झालं ते सेक्रेटरीमुळे झालं. दुसऱ्या तटाचं म्हणणंही तेच आहे, फक्त ते लोक माझ्या माघारी म्हणतात.

कल्पना होती आमच्या कन्येची. कन्येचं वय पंधरा. म्हणजे पृथ्वीची काळजी वाहायचं आणि ओला टॉवेल पलंगावर टाकायचं वय. तिच्या शाळेने एका परदेशी शाळेशी संधान बांधलं होतं. तिकडची मुलं काही आठवडे इकडे येऊन राहणार, नंतर इकडची तिकडे जाणार, आणि जोडीजोडीने हवामानबदलावर काहीतरी ‘प्रत्यक्ष कृती’ करणार. विज्ञानाच्या बाईंनी पालकसभेत हे समजावून सांगितलं तेव्हा मी जोरजोरात मान डोलावत होतो. पालकसभेत मी नेहमीच मान डोलावतो. त्याने सभा लवकर संपते असा माझा अनुभव आहे. या खेपेला सभा लवकर संपली, आणि आमच्या घरी एक मुलगी राहायला आली.

उंच, किडकिडीत, पाठीवर स्वतःपेक्षा मोठी पिशवी. आपली भाषा ती तिच्या गावच्या वाचनालयात एका जुन्या पाठ्यपुस्तकावरून शिकली होती. नुसती शिकली नव्हती, पाठ केली होती. दारात उभी राहून म्हणाली, “नमस्कार. आपल्या गृही मला आश्रय दिल्याबद्दल मी आपली अत्यंत ऋणी आहे.”

बायकोने माझ्याकडे पाहिलं. आमच्या घरात कुणी कुणाचं ऋणी असल्याची ही पहिलीच वेळ होती.

ती मला ‘यजमान’ म्हणायची. पुस्तकात तसंच होतं. मी एकदा अंघोळीला गेलो असताना माझ्या ऑफिसातून फोन आला, तो तिने उचलला आणि नम्रपणे सांगितलं, “माझे यजमान स्नानगृहात आहेत.” पलीकडे आमचे शाखाप्रमुख होते. त्यांनी निरोप न देताच फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी मी त्यांना ‘यजमान’ या शब्दाचे दोन अर्थ समजावून सांगितले. ते म्हणाले, “मी काही विचारलंय का?” माणूस विचारत नाही तेव्हाच जास्त काळजी करायची असते.

बाकीच्या जोड्यांनी साधे, माणसाळलेले विषय घेतले. कुणी दिवे बदलले, कुणी कापडी पिशव्या शिवल्या. आमच्या पाहुणीने जेवताना विचारलं, “यजमान, आपल्या इमारतीतील उद्वाहन दिवसभर खाली-वर धावते. पहिल्या मजल्यावरील सद्गृहस्थही त्यातूनच जातात. हे योग्य आहे काय?”

“काय धावतं?” मी.

“उद्वाहन.”

कन्येने फोनवर शोधलं. “बाबा, लिफ्ट. लिफ्टला आपल्या भाषेत उद्वाहन म्हणतात.”

“कुठल्या आपल्या?” बायको म्हणाली.

तर ठरलं असं, की एका रविवारी लिफ्ट बंद ठेवायची, किती वीज वाचते ते मीटरवर मोजायचं आणि शाळेत मांडायचं. परवानगी सेक्रेटरीची लागते. सेक्रेटरी मी आहे. ज्या सभेला मी गैरहजर होतो त्या सभेत माझी एकमताने निवड झाली होती.

दुसऱ्या मजल्यावरच्या मॅनेजरसाहेबांनी ताबडतोब पाठिंबा दिला. ते बँकेतून निवृत्त झालेत. आयुष्यभर लोकांच्या अर्जांवर ‘विचाराधीन’ असं लिहिलं. आता अर्ज येत नाहीत, त्यामुळे ते न मागता विचार पुरवतात. म्हणाले, “लेखी काम ठेवा. उद्या कुणी बोट दाखवायला नको. लिफ्ट इन्स्पेक्टरच्या कार्यालयालाही एक पत्र टाका. कळवलेलं बरं असतं.” तळमजल्यावरचा बेकरीवाला तर खूशच झाला. त्याच्या पायाखाली आमची लिफ्ट कधी आली नाही, तरी देखभालीचा वाटा त्याला भरावा लागतो, ही त्याची जुनी सल. म्हणाला, “एकच दिवस का? राहू दे की बंद.” असं तोंडातून काढू नये माणसाने.

इन्स्पेक्टरचं पत्र पाहुणीने लिहिलं. इतकं सुरेख पत्र आमच्या इमारतीतून आजवर गेलं नसेल. ‘सदर उद्वाहन पर्यावरणीय हेतूने प्रायोगिक तत्त्वावर बंद ठेवण्यात येत आहे.’ वाचून मला माझ्याच सहीबद्दल आदर वाटला.

मुली घरोघरी जाऊन विचारून आल्या. चौथ्या मजल्यावरच्या मावशींची बेल त्यांनी दोनदा वाजवली, दार उघडलं नाही. “नसतील घरी,” कन्या म्हणाली. “एकाच दिवसाचा तर प्रश्न आहे,” मी म्हणालो. मी विमा कंपनीच्या दावे विभागात आहे. ज्याचं छप्पर उडालंय त्याला मी रोज विचारतो, “आधी चौकशी केली नव्हती का?” त्या संध्याकाळी मला हा प्रश्न विचारायला कुणी नव्हतं.

रविवार झकास गेला. लोक जिन्यात भेटले, थांबले, एकमेकांच्या धापा ऐकल्या. मॅनेजरसाहेब दुसऱ्या मजल्याच्या पायऱ्या चढून इतके खूश झाले की पुन्हा खाली जाऊन पुन्हा चढले. पाचव्या मजल्यावर पोचल्यावर माझा फोटो कन्येने काढला. तो शाळेच्या फलकावर लागला, खाली मजकूर: ‘बदल शक्य आहे’. फोटोत माझी जीभ बाहेर आहे.

संध्याकाळी मुलींनी टाळ्या वाजवत मीटर वाचला, मी समारंभपूर्वक लिफ्टचा खटका दाबला. आतून कुणीतरी घसा खाकरल्यासारखा आवाज आला. मग जळका वास. मग काहीच नाही.

मेकॅनिक सोमवारी आला. त्याने वर मशीनरूममध्ये जाऊन बरंच काही खोललं आणि खाली येऊन पायरीवर बसला. “कुणी बंद केली हिला?”

“पर्यावरणासाठी केली,” मी म्हणालो.

“ही म्हातारी आहे साहेब. चालतेय तोवर चालते. एकदा टेकली की उठत नाही. ब्रेकची कॉइल गेलीये.” कॉइल बाहेरून मागवावी लागणार होती. ती आली, त्याने बसवलीही. पण चालू करण्याआधी इन्स्पेक्टरची मंजुरी हवी म्हणाला. “तुम्हीच त्यांना कळवलंय ना, बंद म्हणून?”

मी त्या कार्यालयात गेलो. तिथले कारकून अगदी सज्जन होते. मोठा चष्मा, टेबलावर पाण्याची बाटली, बाटलीला दोरीने बांधलेलं झाकण. त्यांनी माझं पत्र काढलं आणि कौतुकाने वाचलं. “किती वर्षांनी असं पत्र आलं. एका वाचनात कळलं बघा. त्यामुळे लगेच नोंद करून टाकली. तुमची लिफ्ट कायमची बंद.”

“कायमची कशी? प्रायोगिक तत्त्वावर म्हटलंय.”

“तेच म्हणतोय मी. प्रायोगिक तत्त्वावर सुरू झालेली गोष्ट आमच्याकडे थांबलेली नाही. मी स्वतः इथे प्रायोगिक तत्त्वावर लागलो होतो. पुढच्या वर्षी निवृत्त होतोय.”

आता लिफ्ट नव्याने बसवली आहे असं समजून तपासणी करावी लागेल, म्हणाले. बंद करण्याचं कारण विचारलं. दुरुस्ती, अपघात आणि इमारत पाडणे, एवढीच तीन कारणं त्यांच्याकडे होती. पर्यावरण नव्हतं. मी ‘इतर’ म्हणालो. त्यांचा चेहरा उतरला. ‘इतर’ ज्यांच्याकडे असतं ते साहेब रजेवर होते.

घरी परत आलो. पाच मजले चढलो. बायको रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे माझं रक्त आटलं तरी तिला विशेष वाटत नाही. तिने एवढंच विचारलं, “तुम्ही सही करण्याआधी वाचता का कधी?”

“वाचलं होतं. आवडलंही होतं.”

इथपर्यंत ही सगळी गंमत होती. म्हणजे मला ती गंमत वाटत नव्हती, पण आता सांगताना वाटते. पुढचं मला सांगताना अजूनही खाली बघावंसं वाटतं.

मुलींना प्रकल्पासाठी रहिवाशांची मतं हवी होती, म्हणून पाहुणी दुपारी पुन्हा चौथ्या मजल्यावर गेली. या वेळी मावशींनी दार उघडलं. थोड्या वेळाने ती वर आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी नुकताच बूट काढत होतो.

“यजमान,” ती म्हणाली, “आमच्याकडून अन्याय घडला आहे.”

झालं होतं ते असं. मावशींचे यजमान, म्हणजे दुसऱ्या अर्थाचे, समोरच्या रस्त्यावरच्या शुश्रूषागृहात असतात. दोन वर्षांपासून त्यांची स्मरणशक्ती विरत चालली आहे. मावशी रोज दुपारी थर्मासमध्ये चहा घेऊन जातात आणि दोघं खिडकीपाशी बसून चहा पितात. त्यांना बायको ओळखू येते की चहा, हे मावशींनाही ठाऊक नव्हतं. पण चहाच्या वेळी ते दाराकडे बघतात, एवढं मात्र होतं. मावशींचे गुडघे कामातून गेलेले. त्या रविवारी तयार होऊन त्या लिफ्टपाशी आल्या, दारावर मुलींनी लावलेली ‘बंद’ची चिठ्ठी वाचली आणि घरात परत गेल्या. सोमवारी परत आल्या. मंगळवारीही. मग रोजच. पाहुणीने दार वाजवलं तेव्हा त्या चपला घालून, थर्मास मांडीवर घेऊन बाहेरच्या खोलीत बसल्या होत्या.

आणि त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. “त्या म्हणाल्या, मुले चांगले कार्य करीत आहेत,” पाहुणी म्हणाली आणि पुढचं तिला आपल्या भाषेत सांगता आलं नाही. ती तिच्या भाषेत भराभरा काहीतरी बोलत राहिली. कन्या बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून बसली. पाणी वाया जातंय असं मी म्हणालो नाही.

मी खाली गेलो. माफी कशी मागायची याची वाक्यं मनात जुळवली होती, मावशींनी ती बोलूच दिली नाहीत. त्यांनी मला माझ्या नावाने कधी हाक मारली नव्हती, त्या दिवशीही नाही.

“ये सेक्रेटरी, बस. उतरेन रे मी कशीबशी. चढायचं कोणी?”

“फोनवर बोलता का त्यांच्याशी?”

“फोन धरतात तिथल्या नर्स त्यांच्या कानाला. माझा आवाज आला की ते फोनकडे बघतात. त्यांना वाटतं मशीन बोलतंय. रेडिओवर बातम्या द्यायचे ना ते. आयुष्यभर लोकांनी त्यांचा आवाज मशीनमधून ऐकला, आता त्यांना माझा येतो तर पटत नाही.”

दाव्यांच्या विभागात मी मोठमोठी नुकसानं पाहिली आहेत. त्यांना रकाने असतात. याला नव्हता. मी म्हणालो, “मावशी, उद्या तुम्ही चहाला जाताय.” हे वाक्य उच्चारताना मला फार बरं वाटलं. कसं, याचा विचार पाचव्या मजल्यावर पोचेपर्यंत सुचला नाही.

खुर्ची हा उपाय बेकरीवाल्याचा. “त्यात काय? खुर्चीत बसवायचं, उचलायचं. पिठाची पोती काय स्वतः चालत येतात?” मावशी अंगाने भरलेल्या आहेत. त्यांनी हे ऐकलं, पण मनावर घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहिला प्रयोग माझ्या संगणकाच्या खुर्चीवर झाला. घरात हात असलेली तीच एक होती. तिला चाकं आहेत, हे मला माहीत होतं. चाकं असणं म्हणजे काय, हे तिसऱ्या मजल्यावर कळलं. दम खायला आम्ही खुर्ची टेकवली आणि मावशी आपोआप निघाल्या. जिन्याच्या विरुद्ध दिशेने गेल्या हे नशीब. सगळा व्हरांडा पार करून त्या टोकाच्या बंद दारापाशी थांबल्या. दार उघडलं. आतल्या बाईंनी मावशींना खुर्चीसकट दारात पाहिलं आणि म्हणाल्या, “या ना.”

“आज नको,” मावशी म्हणाल्या. “घाईत आहे.”

मग बेकरीवाल्याने त्याच्या गल्ल्यामागची लाकडी खुर्ची आणली. मागचे दोन पाय मी आणि तो, पुढचे दोन मुली. मॅनेजरसाहेब तीन पायऱ्या पुढे, तोंड आमच्याकडे, उलटे उतरत मार्गदर्शन करत होते. “डावी बाजू वर. नाही, माझी डावी. म्हणजे तुमची उजवी. सेक्रेटरी, तुम्ही कण्यातून उचलताय. गुडघ्यातून उचला. श्वास सोडा. आता नका सोडू.” पहिल्या मजल्यावर मावशींनी त्यांना सांगितलं, “साहेब, तुम्ही पुढे होऊन थर्मास धरा.” बँकेत एवढी वर्षं काढली, पण त्यांना एवढं नेमकं काम कुणी दिलं नसावं. त्यांनी थर्मास दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि पुढे एक अक्षर बोलले नाहीत.

शुश्रूषागृहात मावशींचे यजमान खिडकीपाशी होते. त्यांनी दाराकडे पाहिलं. मावशींना पाहिलं. मग परत खिडकीकडे पाहिलं. बस, एवढंच. पण चहाचा पेला हातात दिल्यावर त्यांनी मावशींची करंगळी पेल्यासकट धरली आणि चहा गार होईपर्यंत सोडली नाही. आम्ही चौघं घामाघूम होऊन दारात उभे होतो. बेकरीवाला म्हणाला, “मी जरा भट्टी बघून येतो,” आणि बाहेर जाऊन बराच वेळ नाक शिंकरत राहिला.

तेव्हापासून हा नित्यक्रमच झाला. दुपारी खाली, संध्याकाळी वर. मला ऑफिसातून लवकर निघायला लागायचं. कारण काय सांगायचं? खरं कारण सांगितलं तर पुन्हा ‘यजमान’पासून सुरुवात करावी लागली असती. मी ‘पाठदुखी’ सांगितली. ती तोवर खरीच झाली होती. एका दुपारी आम्ही मावशींना खुर्चीसकट रस्ता ओलांडून शुश्रूषागृहाच्या पायऱ्या चढवत होतो, आणि वरच्या पायरीवर आमचे शाखाप्रमुख उभे. त्यांच्या आईला भेटायला आले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, खुर्चीतल्या मावशींकडे पाहिलं.

“पाठ कशी आहे?” त्यांनी विचारलं.

“यामुळेच दुखते, साहेब,” मी म्हणालो. याहून खरं वाक्य मी त्यांच्याशी कधी बोललो नव्हतो. त्यांनी दार उघडून धरलं.

पाहुणी मावशींबरोबर आत बसू लागली. पहिले काही दिवस ती कोपऱ्यात गप्प बसायची. अपराधी माणूस जसा बसतो तशी, खुर्चीच्या कडेवर. एक दिवस मावशी पेला विसळायला गेल्या असताना तिने धीर करून म्हटलं, “नमस्कार महोदय. आपली प्रकृती कशी आहे?”

मी दारात होतो. त्यांनी खिडकीकडून मान वळवली. हळूहळू पाठ सरळ केली, सदऱ्याची कॉलर नीट केली आणि म्हणाले, “प्रकृती स्थिर आहे. सविस्तर वृत्त थोड्याच वेळात.”

काय आवाज होता तो. खोली अचानक मोठी झाल्यासारखी वाटली. मावशी ओला पेला हातात धरून मोरीच्या दारात उभ्या राहिल्या. पेल्यातलं पाणी त्यांच्या पायावर सांडत होतं.

“काय म्हणाले?” त्यांनी विचारलं. ऐकलं होतं त्यांनी. पुन्हा ऐकायचं होतं.

आमच्या बोलण्यात ते सापडत नव्हते. आमचं बोलणं घरगुती, तुटक, ‘काय हो’, ‘घेता ना’ असलं. या पोरीची पुस्तकी भाषा ही त्यांची कामाची भाषा होती, आणि ती कुठेतरी आत शाबूत राहिली होती. त्यानंतर पाहुणी रोज त्यांना बातम्या सांगू लागली, आणि ते त्याच बातम्या आपल्या आवाजात पुन्हा सांगू लागले. “उद्वाहनाच्या प्रश्नावर अद्याप तोडगा निघालेला नाही. संबंधित अधिकारी रजेवर असल्याचे समजते.” मावशीही शिकल्या. एक दिवस त्यांनी चहा पुढे करत म्हटलं, “आपण चहा ग्रहण करावा.” ते त्यांच्याकडे टक लावून बघत राहिले आणि म्हणाले, “तू अशी का बोलतेयस?”

मावशी तेव्हा हसल्या, आणि हसताना त्यांना पदर डोळ्यांना लावावा लागला. दुसऱ्या दिवशी परत ते खिडकीकडे बघत बसले होते. हे असंच चालायचं, एक दिवस असे, एक दिवस तसे. मी मुलींना तसं सांगितलं. त्यांना ते माझ्याआधी कळलं होतं.

‘इतर’चे साहेब रजेवरून आले आणि स्वतः तपासणीला आले. मशीनरूम गच्चीवर, आणि लिफ्ट बंद, त्यामुळे त्यांना चालत चढावं लागलं. तिसऱ्या मजल्यावर त्यांची आणि आमची गाठ पडली. आम्ही मावशींना वर नेत होतो. बेकरीवाल्याच्या हाताला त्या दिवशी भट्टीचा चटका बसला होता, तो एका हाताने उचलत होता आणि खुर्ची एका अंगाला कलत होती.

“हे काय आहे?” साहेब म्हणाले.

“हेच ‘इतर’,” मावशी वरून म्हणाल्या. “तो पाय धरा जरा.”

साहेबांनी बॅग काखेत मारली आणि पाय धरला. चौथ्या मजल्यावर आल्यावर ते कठड्याला टेकून उभे राहिले. मग गच्चीवर जाऊन त्यांनी इमानेइतबारे सगळं तपासलं, लिफ्ट दोनदा वर-खाली फिरवून पाहिली आणि मंजुरी दिली. खाली एक शेरा मारला: ‘जिन्यात खुर्ची आढळली. अडथळा त्वरित दूर करावा.’

लिफ्ट सुरू झाली. मॅनेजरसाहेब मात्र तिच्यात चढले नाहीत. मावशींना नेताना त्यांनी एवढ्या वेळा सगळ्यांसमोर जिना पालथा घातला होता, की आता दुसऱ्या मजल्यासाठी बटण दाबायला त्यांना लाज वाटायला लागली. पहिल्या मजल्यावरचे सद्गृहस्थही त्यांचं बघून चालायला लागले.

राहिला शाळेतला समारंभ. हॉल दुसऱ्या मजल्यावर, आणि शाळेला लिफ्ट नाही. मावशींनी यायचा हट्टच धरला. तिथे खेळाच्या सरांनी आणि विज्ञानाच्या बाईंनी त्यांना खुर्चीसकट उचलून वर नेलं. बाई वाकून उचलत होत्या. मी तीन पायऱ्या पुढे होऊन त्यांना म्हणालो, “गुडघ्यातून, बाई, गुडघ्यातून,” आणि बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी उलटा चढतोय.

समोर मोठ्या पडद्यावर ती दुसरी शाळा दिसत होती. तिकडे नुकतं उजाडलं होतं, पोरं जांभया देत बाकांवर बसली होती. एकेका जोडीने आपापले आलेख दाखवले. मग आमच्या मुलींचा आला. लिफ्ट एवढे दिवस बंद होती, त्यामुळे आमचा आलेख एका जागी कोसळत होता आणि पुढे जमिनीला चिकटून सरपटत होता. सगळ्यात जास्त वीज आम्ही वाचवली होती. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. पडद्यावरच्या मास्तरांनी टाळ्या वाजवल्या आणि म्हणाले, हे फारच विलक्षण आहे, हे तुम्ही साधलं कसं?

कन्या माझ्याकडे बघायला लागली. मला वाटलं आता ती एक छान वाक्य बोलेल, आणि बक्षीस घेऊन आपण घरी जाऊ. मी मान डोलावायलाही लागलो होतो. ती म्हणाली, “एक दिवस आम्ही वाचवली. बाकीचे दिवस लिफ्ट बिघडली होती.”

पाहुणी तिच्या शेजारी उभी राहिली. आधी तिच्या भाषेत बोलली, मग आमच्यासाठी आमच्या भाषेत. पाठ केलेलं नव्हतं, अडखळत बोलली. “ही बचत आमची नाही. ती आम्ही एका माणसाकडून घेतली. न विचारता.”

पडद्यावरची पोरं आता जागी झाली होती. एका मुलीने काहीतरी विचारलं. पाहुणीने सांगितलं, “ती विचारते, कोणाकडून?”

“माझ्याकडून,” मावशी म्हणाल्या. त्यांच्याकडे माइक देण्यात आला. त्यांनी तो बाजूला सारला. त्यांच्या घरातल्या रेडिओवाल्याने कधीतरी सांगितलं असावं, आवाज असेल त्याला माइक लागत नाही.

“या पोरी बोलल्या ते खरं आहे. विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर मी दारातूनच ‘नाही’ म्हटलं असतं आणि दार लावून घेतलं असतं. मग मी लिफ्टने एकटी गेले असते आणि एकटी आले असते, जशी आजवर गेले. आता मला लिफ्ट लागते, मी लिफ्टने जाते. ज्यांना लागत नाही ते चालत जातात. त्याचाही आलेख काढा कोणीतरी.” पाहुणी एकेक वाक्य तिकडे पोचवत होती. मावशी तिचं होईपर्यंत थांबत होत्या. मग त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

“अजून बोलले असते. पण तिकडे कुणीतरी दाराकडे बघत असेल. मला खाली कोण नेतंय?”

मी कोट काढून बाकावर ठेवला. हॉलभर खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. खेळाचे सर, बाई, पालक, मुलं, सगळे उठले, आणि पाहुणीने शेवटचं वाक्यही तिकडे सांगून टाकलं. मी खुर्चीचा मागचा डावा पाय धरला आणि मान वर केली, तेव्हा पडद्यावरचीही सगळी पोरं बाकांवरून उठून उभी राहिली होती.